पुसलेलं जंगल

पहिली घंटा

श्रीपती लोंढे उस्मानाबादला श्रीमंत गायकवाडच्या दारात आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर वाघ होता.

वाघ गोणपाटाचा होता. वर पिवळे-काळे पट्टे, काचेचे डोळे, सुतळीच्या मिशा. पोट मात्र पार पाठीला लागलेलं.

"दुष्काळात वाघसुद्धा वाळला की हो," मल्लिनाथ म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

"आत कडबा भरलेला होता, पेटी उघडली तर असा," श्रीपती म्हणाले. त्यांनी वाघ ओट्यावर ठेवला. "पिंजाऱ्याकडं आणलाय. काथ्या तरी भरून देतो का बघावं. आमच्या तामलवाडीत कडब्याची काडी राह्यली न्हाय."

श्रीमंत गायकवाड भीमनगरात राहायचा. पूर्वी अबकारी खात्यात होता. साहेबाच्या एका पाहुण्याची भट्टी धरली आणि मग राजीनामा दिला. दारावर लाकडी पाटी होती: 'खाजगी तपास'. सहकारी सोसायट्यांची हरवलेली खतं, पंपांची चोरी, असली कामं त्याच्याकडं येत. मल्लिनाथ स्वामी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. सायकलचं दुकान आणि एक राजदूत मोटारसायकल एवढी त्याची इस्टेट. तपासात त्याचं काम एकच होतं, श्रीमंतला पोचवायचं. पण प्रत्येक वेळी गुन्हेगारही तोच आधी शोधायचा, आणि प्रत्येक वेळी भलताच.

"वाघासाठी आला नाहीत तुम्ही," श्रीमंत म्हणाला.

"न्हाय. जंगलासाठी आलोय."

मग श्रीपतींनी सांगितलं.

श्रीपतींची शिवगंगा नाट्यमंडळी लहानच. पंधरा-सोळा माणसं, तीन पडदे, एक पेटी, एक तबला. यंदाच्या, म्हणजे बहात्तर सालच्या हंगामाला चार खेळ ठरले होते. 'वाघजाईचा वनवास', 'दरबार सुना', 'दोन जावा' आणि चौथा नवा, रेवणसिद्ध मास्तरनं लिहिलेला, 'टँकर आला नाही'. ढोकीच्या कारखान्यावर गाळप सुरू होईल त्या आठवड्यात पहिला खेळ. वनवासाचा. त्यासाठी जंगलाचा नवा पडदा रंगवून घेतला होता.

"गाय विकली आन् मांजरपाट आणलं," श्रीपती म्हणाले. "मी तारखा धरायला ढोकी, ईट, भूम करीत फिरत होतो. परत आलो, सगळ्यांदेखत शेड उघडली. जंगल धुतलेलं. पांढरं फटक. खालनं निम्मं गेलंय."

"कुणावर संशय?"

श्रीपती बराच वेळ वाघाच्या मिशा सरळ करत बसले.

"मंडळी म्हणत्यात महांतप्पानं केलं. आमचा पेंटर. वडलांच्या वेळेपासून हाय. मास्तर म्हणाला, नव्या नाटकाला चितारलेले पडदे नकोत, काळं कापड पुरे. तवा महांतप्पा चौघांत बोलला, 'माझे पडदे नकोत, तर माझ्या हातानंच पुसतो.' आज दुपारी बैठक हाय. त्यानं केलं असंल तर त्याला काढावं लागंल. मंडळी ऐकायची न्हायत. आन् केलं नसंल, आन् मी काढला..."

त्यांनी वाघ परत खांद्यावर घेतला.

"मल्ल्या," श्रीमंत म्हणाला, "गाडीत पेट्रोल आहे?"

"वाघ कुठं बसणार?"

"वाघ पिंजाऱ्याकडं. आपण तिघं."


रस्त्याचा पडदा

तुळजापूरचा घाट उतरल्यावर दोन्ही बाजूंना नुसत्या बाभळी. दिवाळी होऊन गेली होती पण शेतात काहीच उभं नव्हतं. रस्त्याच्या कामावर बाया खडी फोडत होत्या. गोठे रिकामे, दावणी रिकाम्या. सगळी जनावरं छावणीत.

"कुणी माळ्यानं कापल्यासारखी दिसतात झाडं," मल्लिनाथ ओरडून म्हणाला. वाऱ्यामुळं ओरडावंच लागायचं. "खाली एका रेषेत साफ, वर छत्री."

मागं बसलेल्या श्रीमंतची मान पुढच्या चार-पाच झाडांबरोबर वळत गेली.

तामलवाडीत टँकरपुढं घागरींची रांग होती. रांगेतल्या एका म्हाताऱ्याचं सांडलेलं ओंजळभर पाणी बघून चार बाया एकदम ओरडल्या. मल्लिनाथनं गाडी लांबून काढली.

मंडळीची शेड पत्र्याची होती. श्रीपतींनी कुलूप काढलं. आतून उदाचा वास आला, त्याच्याखाली आणखी कसला तरी, ओळखीचा.

जमीन नुकतीच सारवलेली होती. गुळगुळीत, बोटांच्या अर्धगोल रेघा अजून ताज्या.

"तालमी इथं होतात?" श्रीमंतनं विचारलं.

"न्हाय, देवळाम्होरं. पडदा वाळंस्तवर इथं कुणी पाय टाकायचा न्हाय, असं महांतप्पानं बजावलं होतं. किल्ली माझ्याकडं एक, घरात खुंटीला एक. खुंटीची कुणीबी नेतं."

रस्त्याचा आणि दरबाराचा पडदा बांबूला गुंडाळून भिंतीशी उभे होते. जंगल मात्र आढ्याला टांगलेलं.

वर फांद्यांची दाटी, पोपट, शेपट्या लोंबवून बसलेली दोन माकडं. रंग इतके जिवंत की मल्लिनाथनं टोपी काढली. आणि खाली, माणसाच्या छातीपासून जमिनीपर्यंत, काही नाही. पांढरं कापड. मधे रेषा सरळ नव्हती, लाटेसारखी वरखाली गेली होती. डाव्या कोपऱ्यात मात्र हातभर रुंदीचं गवत जमिनीपर्यंत शाबूत होतं. त्यात एक ससा.

"पाणी संपलं असणार," मल्लिनाथ म्हणाला. "धुता धुता कोपरा राहिला."

श्रीमंतनं पांढऱ्या भागावरून तळहात फिरवला. कापडाला लव उठली होती, जुन्या घोंगडीसारखी. मग त्यानं माकडाच्या शेपटीच्या टोकाला बोट घासलं आणि ते बोट तोंडात घातलं.

"अरे!" मल्लिनाथ दचकला. "रंग आहे तो!"

श्रीमंत दरबाराच्या पडद्याकडं गेला. त्याची कड उलगडली, तिथं बोट घासलं, तेही चाखलं. आणि लगेच दाराबाहेर जाऊन थुंकला. तीनदा थुंकला.

"आता मुंग्या झटक," परत येऊन तो म्हणाला.

मल्लिनाथनं खाली पाहिलं. पडद्याच्या कडेवरून उतरलेली मुंग्यांची रांग त्याच्या धोतरावर चढली होती.


दरबाराचा पडदा

(शेडबाहेर लिंबाखाली दोन खुर्च्या. एकीवर श्रीमंत. दुसरीवर एकेक जण येऊन बसतो. मल्लिनाथ पायरीवर.)

रेवणसिद्ध मास्तर. सोलापूरच्या कॉलेजात शिकलेला, गळ्यात शबनम.

रेवणसिद्ध : मला पडदे आवडत नाहीत, हे मी लपवलेलं नाही. लोक कोरड्या विहिरी बघत नाटकाला येतात, आणि आम्ही त्यांना हिरवं जंगल दाखवतो. खोटं वाटतं मला.

श्रीमंत : मग पुसून टाकलंत?

रेवणसिद्ध : पुसायचं असतं तर तिन्ही पुसले असते. अर्धं काम मला जमत नाही. आणि पाणी कुठून आणू? आमच्या घरी सात माणसं चार घागरींवर आहेत.

श्रीमंत : पडदा वाळायला टांगला त्यानंतर शेडमध्ये गेलात?

रेवणसिद्ध : एकदा किल्ली मागायला गेलो. वहिनी म्हणाल्या, महांतप्पांनी नको सांगितलंय. परत आलो.

प्रेमाबाई. मंडळीची वाघजाई, चाळिशीची. बसण्याआधी खुर्ची पदरानं पुसते.

प्रेमाबाई : मला विचारणारच तुमी. बार्शीच्या कंपनीनं बोलावलंय मला, सगळ्या गावाला म्हाईत हाय. हंगाम बुडाला तर मी मोकळी.

श्रीमंत : मग?

प्रेमाबाई : मग काय? जायचं असतं तर पडदा कशाला धुते? तोंडानं सांगून गेले असते. मला कुणाच्या बापाची भीती हाय का? (थांबून) आन् खरं सांगू का, त्या पडद्यावर माझ्या पायाखाली महांतप्पाण्णांनी कमळं काढली होती. रानात कुठं कमळं असत्यात? पन मी मागितली म्हणून काढली. ती गेली. मला लई वाईट वाटलं.

मल्लिनाथ : (हळूच) हीच.

महांतप्पा. सत्तरीचा, कपाळाला विभूती, नखांत वर्षानुवर्षांचा रंग. खुर्चीवर बसत नाही, उकिडवा बसतो.

महांतप्पा : बोललो मी. पुसतो म्हनलो. रागात मानूस बोलतो की.

श्रीमंत : जुन्या पडद्यांच्या खळीत तुम्ही मोरचूद घालता.

महांतप्पा : (चमकून) कसर लागू न्हाय म्हनून. तुमाला कुनी सांगितलं?

श्रीमंत : माझ्या जिभेनं. या नव्या पडद्यात मोरचूद नाही. दुसरं काहीतरी आहे. काय घातलंत?

महांतप्पा : ते सांगनार न्हाय. माज्या गुरूनं मला सांगितलं न्हाय, मी चोरून बघितलं. तुमीबी बघा.

श्रीमंत : आज तुम्हाला मंडळीतून काढतील.

महांतप्पा : काढू द्या. शिवा! रंगाचं गुपित सांगून राहायचं, त्यापेक्षा गेलेलं बरं.

(तो उठतो. जाताना शेडच्या दारापर्यंत जातो, पण आत बघत नाही.)

शेवटी मुक्ताबाई, श्रीपतींची बायको. कपडेपट तिच्याकडं असतो. चौकशीला म्हणून नाही, चहा घेऊन आली होती. चहा कोराच.

"दूध न्हाय, माफ करा," ती म्हणाली. "गावात दुभतं जनावर एक ऱ्हायलं न्हाय. समदी छावणीला. माझा भाऊच तिथं मुकादम हाय, त्यो म्हणतो जागा न्हाय आता."

तिनं कप पुढं केला तेव्हा मनगटं उघडी पडली. दोन्ही मनगटांवर काळ्या कातडीत रुंद फिकट पट्टे होते.

"शेड तुम्ही सारवलीत?" श्रीमंतनं विचारलं.

"व्हय. हंगाम सुरू व्हायचा, म्हनलं स्वच्छ असावं."

"आणि ऊद?"

"देवाचं सामान असतंय आत. नटराजाची मूर्ती."

"चहा छान झालाय, ताई."

मुक्ताबाईनं त्याच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग रिकामा ट्रे छातीशी धरून ती निघून गेली.


जंगलाचा पडदा

वर : फांद्या, पोपट, दोन माकडं.

खाली :

 

 

(डाव्या कोपऱ्यात ससा.)


मध्यंतर

"मी सांगतो," मल्लिनाथ म्हणाला. दोघं देवळाच्या कट्ट्यावर बसले होते. "प्रेमाबाई. कमळं, पदर, डोळ्यांत पाणी. नटीच ती."

"बरं."

"नसेल तर मास्तर. पुसायचे असते तर तिन्ही पुसले असते म्हणतो. म्हणजे विचार करून ठेवलाय."

"बरं."

"श्रीमंता, तू नुसतं बरं बरं करतोस तेव्हा मला माझा राग येतो."

श्रीमंत हसला. "तू सकाळपासून दोनदा बरोबर बोललास. एकदा घरी, एकदा गाडीवर. पण तुला ते विनोद वाटले."

मल्लिनाथ आठवू लागला. वाळलेला वाघ. मग झाडं. त्याला काही जुळेना.

"जे मी पाहिलं ते सगळं तूही पाहिलंस," श्रीमंत म्हणाला. "फक्त चाखलं नाहीस. चल, बैठक भरली असेल. आणि मल्ल्या, आज गुन्हेगार पकडायचा नाहीये. एका माणसाला बोलायला जागा करून द्यायची आहे."


तिसरी घंटा

उन्हं कलली होती. मंडळी शेडमध्येच जमली, अर्ध्या जंगलाखाली. सारवलेल्या जमिनीवर सतरंजी. महांतप्पा दाराशी उकिडवा. त्याची रंगाची पेटी बांधून शेजारी ठेवलेली. त्यानं आधीच ठरवलं होतं.

"सुरुवात पाण्यापासून करू," श्रीमंत म्हणाला. "सगळे म्हणतात, पडदा धुतला. या गावात सांडलेल्या ओंजळीवर भांडण होतं. एवढं कापड धुवायला पाणी कुणी आणलं, आणि रांगेतल्या कुणालाच ते कसं दिसलं नाही?"

दोघं-तिघं पडद्याजवळ सरकून बघू लागले.

"समजा, आणलं. मग हिरवं पाणी जमिनीवर उतरलं असतं. डाग कुठं आहेत?"

"म्हणून तर सारवली असेल," रेवणसिद्ध म्हणाला. बोलून झाल्यावर त्यानंच मुक्ताबाईकडं पाहिलं आणि ओशाळला.

"चांगला मुद्दा आहे, मास्तर. म्हणजे आधी रंग धुवायला पाणी, मग सारवायला पाणी. दुप्पट झालं. पण सारवायला आणखी एक गोष्ट लागते." श्रीमंतनं सतरंजीची कड उचलली. "शेण. ताजं. गावात दावणी रिकाम्या आहेत. हे कुठून आलं?"

मल्लिनाथनं वाकून सारवण नखानं खरवडून बघितलं.

"पडदा कुणी धुतला नाही," श्रीमंत म्हणाला. "पडदा चाटला."

प्रेमाबाईला हसू फुटलं. बाकीचे तिच्याकडं बघून हसले, मग थांबले. श्रीमंत हसत नव्हता.

"आज येताना मल्लिनाथ म्हणाला, झाडं कुणी माळ्यानं कापल्यासारखी दिसतात. जनावरांची मान पोचते तिथपर्यंत साफ, वर शाबूत. आता पडद्याकडं बघा. तीच रेषा. माणूस पुसायला लागला तर वरून पुसतो, शिडी घेतो, निदान हात उंच करतो. आणि हा कोपरा. सशाजवळचं गवत कसं राहिलं? पाणी संपलं म्हणून नव्हे. दोरी संपली म्हणून. मधल्या खांबाला दावं बांधलं तर तेवढाच कोपरा पोचेबाहेर राहतो."

कुणीतरी खांबाकडं पाहिलं. खांबाला, गुडघ्याच्या उंचीवर, घासल्याचा गुळगुळीत पट्टा होता.

"कापडाला लव आलीय. हातानं घासून अशी येत नाही, खरखरीत जिभेनं येते. आणि श्रीपतराव, तुमचा वाघ. पेटीत बंद असलेल्या वाघाचं पोट रिकामं कसं झालं?"

श्रीपतींना कळायला क्षणभर लागला. "कडबा..."

"गावात वैरणीची काडी नाही. इथं जनावर बांधलेलं होतं, ते काय खाणार? मल्लिनाथ म्हणाला वाघ वाळला. वाळला नाही, त्याला खाल्लं."

"गायीनं वाघ खाल्ला!" मल्लिनाथ न राहवून ओरडला.

"गाय असं मी अजून म्हणालो नाही," श्रीमंत शांतपणे म्हणाला, "पण हो."

गाय म्हटल्यावर श्रीपतींची मान हळूहळू बायकोकडं वळली. मुक्ताबाई कपड्यांच्या पेटीला टेकून उभी होती.

"एकच गाठ राहिली," श्रीमंत म्हणाला. आवाज मुद्दाम दुसरीकडं नेल्यासारखा. "जनावर बांधणारं माणूस या मंडळीतलं आहे. पडद्यांची किंमत त्याला ठाऊक आहे. मग त्यानं जनावर पडद्याजवळ बांधलंच कसं? महांतप्पा, याचं उत्तर तुमच्याकडं आहे. आणि तुम्ही ते सांगितलं नाहीत तर दुसऱ्या कुणालातरी ते आयुष्यभर डाचत राहील."

म्हाताऱ्यानं बांधलेल्या पेटीची दोरी सोडली.

"जुन्या पडद्यांत मोरचूद," शेवटी तो म्हणाला. "कडू जहर. ढोर वास घिऊनच मागं सरतंय. पन यंदा हवेत ओल न्हाय. पडदा गुंडाळला की रंग पापडासारखा फुटतोय. म्हनून..." त्यानं डोळे मिटले. "काकवी घातली. ढोकीच्या गुऱ्हाळातली. रंग लवचीक राहतोय. मोरचूद काढला, त्यानं काकवी नासती. कुनाला बोललो न्हाय. पेंटर मानूस रंगात गूळ घालतो म्हनून हसला असता तुमी."

"मुंग्यांनी सांगितलं मला," श्रीमंत म्हणाला. "मग मी चाखलं. गोड आणि थोडं आंबलेलं."

"दरसाल हितंच बांधत होते मी वासरू," मुक्ताबाई म्हणाली.

सगळे वळले. तिचा आवाज लहान होता.

"पावसाळ्यात. दरबाराच्या पडद्याशेजारी. कधी तोंड लावलं न्हाय. म्हनलं याला कशाला लावंल."

"मुक्ता," श्रीपती म्हणाले. "कपिली?"

"चालत आली ती. तुमी ईटला गेल्ता. सकाळी दार उघडलं तर दारात हुबी. गळ्यात तुटकं दावं. सोलापूरच्या रस्त्यानं एकटी आली, वाट कुनी दावली असंल तिला?" ती थांबली. "मी पानी पाजलं. माझ्या वाटचं. वाघाचा कडबा काढून घातला. जंगल तिनं येकाच राती चाटलं. पहाटं बघितलं. तवाच भावाच्या हाती छावणीला धाडली. त्याच्या नावावर."

"अगं पन व्यापारी..."

"व्यापाऱ्याचा मानूस आला होता हुडकत. मी खोटं न्हाय बोलले." तिनं दोन्ही मनगटं पुढं केली. फिकट पट्टे सगळ्यांना दिसले. "चांदीचे गोठ दिले माझे. आईनं दिलेले. ऐवज पुरा झाला, त्यो गेला. कपिली आता माझी हाय. तुमची न्हाय."

"मग मला सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगितलं असतं तर परत विकली असती तुमी. हंगाम म्हनला असता. तुमाला हंगाम म्हनलं की काय दिसतंय?"

श्रीपती लोंढे खांबाजवळ गेले आणि घासलेल्या पट्ट्यावर हात फिरवू लागले.

मुक्ताबाई त्यांना ओलांडून दाराशी गेली. महांतप्पासमोर बसली, जमिनीला हात लावून.

"अण्णा, रोज म्हनत होते बोलीन. रोज तुमाला दोष लागत होता, आन् मी गप. मला काय म्हनायचं ते म्हना."

महांतप्पानं तिच्याकडं पाहिलं नाही. तो पडद्याकडं बघत होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"लई गोड झाली होती का ग काकवी?" त्यानं विचारलं.

आणि मुक्ताबाई रडता रडता हसली.

मल्लिनाथनं श्रीमंतला कोपर मारलं. "तुला गोठांचं कधी कळलं?"

"चहाच्या वेळी. वर्षानुवर्षं घातलेला दागिना काढलेला होता. नवरा म्हणाला होता, गाय विकली. बाई म्हणाली, भाऊ छावणीवर आहे. आणि विचारलं नसताना सांगितलं की गावात जनावर नाही."

"मग तू सरळ नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर ती पकडली गेली असती," श्रीमंत म्हणाला. "आता ती बोलली."


पडदा

ढोकीच्या कारखान्यासमोरच्या मैदानात खेळ लागला. ट्रॅक्टर-ट्रॉल्या कडेला लावून त्यांच्यावर माणसं बसली होती. ऊसतोडीवाले, खडी फोडून आलेल्या बाया, कामगारांची घरं. श्रीमंत आणि मल्लिनाथ तिसऱ्या रांगेत. शेजारी पोटभर काथ्या भरलेला वाघ, प्रवेशाची वाट बघत. मंडळीनं तो मल्लिनाथच्या हवाली केला होता.

खालचं जंगल परत रंगवायला वेळ होता. रंगही होता. श्रीपतींनी महांतप्पाला तसं सांगितलंही. पण रेवणसिद्ध मास्तर दोन दिवस पडद्यासमोर बसून राहिला होता, आणि मग म्हाताऱ्याकडं जाऊन म्हणाला होता, "अण्णा, मला पडदे आवडत नाहीत. हा आवडतो. तुम्ही म्हणाल तरच, पण असाच टांगू या."

महांतप्पानं फक्त सशाजवळ चार गवताच्या काड्या वाढवल्या. प्रेमाबाईसाठी एक कमळ. वर सरसाचा हात मारला, मोरचूद घालून.

पडदा उघडला. वर हिरवीगार छत्री, खाली एका वेड्यावाकड्या रेषेपासून नुसतं पांढरं.

मग मागच्या ट्रॉलीवरून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, ही तर आमच्या बांधावरची झाडं!"

मैदानात हशा झाला, मग टाळ्या. मल्लिनाथनं टोपी काढून डोळे पुसले आणि धूळ फार असल्याचं श्रीमंतला सांगितलं.

नांदी झाली. रेवणसिद्ध मास्तर पुढं आला. दरवर्षीसारखी नावं सांगितली, हातात कागद नव्हता, तोंडपाठ. वाघजाई, प्रेमाबाई. राजा, श्रीपती लोंढे. पेटी, तबला. कपडेपट, मुक्ताबाई लोंढे. ते नाव आलं तेव्हा राजाच्या वेशातले श्रीपती विंगेतून मान बाहेर काढून बायकोकडं बघत होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पण त्यांच्या डोक्यावरचा तिरका मुकुट हात लांब करून सरळ केला.

मास्तरनं वळून पडद्याकडं पाहिलं.

"पडदे," तो म्हणाला, "महांतप्पा पेंटर. आणि कपिली."

ही कपिली कोण, हे ढोकीत कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.